लाईट-पाणी आपलं

“पत्र्याच्या घराचं खरं भाडं ऊनच वसूल करतंय, मालक आपला नावाला,” असं पारूबाई एकदा म्हणाली होती.

म्हणाली तेव्हा ती भाकरी थापत होती. तिचा नवरा अप्पाराव कूलरच्या तोंडाशी खाट ओढून पडला होता. त्यानं डोळे न उघडता विचारलं, “कोणता मालक? जागेचा का मी?”

“दोघं बी,” ती म्हणाली आणि भाकरी उलटली.

बिडकीनच्या अलीकडं, नव्या कारखान्यांच्या रुंद रस्त्यावरून आत वळलं की मुरमाड जमिनीचा एक तिकोनी तुकडा लागतो. त्यावर डबे मांडलेले आहेत. डबे म्हणजे मोठ्या बांधकामांवर कंत्राटदार आणतात त्या पत्र्याच्या आयत्या खोल्या. काम संपलं की क्रेन येते, खोली अलगद उचलते आणि दुसऱ्या कामावर नेऊन ठेवते. फार जुनी झालेली खोली कंत्राटदार तिथंच भंगाराच्या भावात देऊन टाकतो. पारूबाईनं अशीच एक घेतली. आधी त्यात साइटवरच्या इंजिनियरचं ऑफिस होतं. दारावर अजून लिहिलेलं आहे, ‘परवानगीशिवाय आत येऊ नये’. ते तिनं खरवडून काढलं नाही. येणाऱ्या-जाणाऱ्याला ती सांगते, असू द्या, कधी नव्हं ते कोणीतरी आपल्यासाठी लिहिलंय.

घर आपलं आणि खालची जमीन दुसऱ्याची, अशी ती वस्ती आहे. घर उचलून नेता येतं, पण न्यायचं कुठं हे क्रेनवाल्याला सांगता येत नाही, म्हणून सगळे तिथंच आहेत.

पारूबाईचं माहेर पैठणकडचं. बाप कालव्याच्या खोदकामावर होता, आई त्याच कालव्याच्या काठावर बाळंत झाली. घरात बाबासाहेबांचा फोटो होता, आणि त्याच्याखाली बसून बाप पोरांना अक्षरं गिरवायला लावायचा. पारूच्या वाट्याला त्यातली थोडीच आली. लग्नानंतर ती अप्पारावाबरोबर वाळूजला गेली. तिथं कारखाने उभे राहत होते. विटा वाहायच्या, काँक्रीट टाकायचं, भिंतीला पाणी मारायचं. भिंत पुरती झाली, यंत्रं आली, की गेटवर पहारेकरी बसायचा आणि त्या दोघांना आत जाता यायचं नाही. आत काय तयार होतं हे तिला कधी कळलं नाही. मुलगी मेघा मोठी होऊन त्याच वाळूजला एका कारखान्यात लागली, तेव्हा पारूबाईनं तिला पहिलं हेच विचारलं होतं, “आत कसं असतंय गं?”

“गरम असतंय,” मेघा म्हणाली होती.

साइटवर पारूबाईला नाव फारसं लागलं नाही. मुकादम ‘ए’ म्हणायचा. इंजिनियर ‘अगं ए’ म्हणायचा, कारण तो शिकलेला होता. हजेरीला ती ‘अप्पाची बाई’ होती. याचं तिला वाईट वाटायचं असंही नाही. पाटीत विटा किती आहेत हे डोक्याला कळतं, हाक कशी मारली याचं ओझं तिथं वेगळं जाणवत नाही. अप्पारावाच्या छातीत मात्र सिमेंट बसलं. घाटीच्या सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी फोटो काढून दाखवला, तर छातीत धुकं पडल्यासारखं दिसत होतं. तेव्हापासून तो कामाचा राहिला नाही. थंडीत बरा असायचा. उन्हाळा लागला, पत्रा तापला, की त्याचा श्वास अर्ध्यातून परत फिरायचा. मेघानं हप्त्यावर कूलर घेऊन दिला. फाल्गुनापासून मृग लागेपर्यंत तो कूलर बंद होत नसे. त्याचा घरघराट शेजारच्या डब्यांपर्यंत जायचा.

“त्याच्या आवाजावरून वस्तीला कळतंय, मी अजून हाय,” अप्पाराव म्हणायचा.

वाळूजनंतर बिडकीनला लागलेलं काम संपलं त्या वर्षी कंत्राटदारानं पारूबाईला बजावलं, डबा घेतलास तर हलव, नाहीतर क्रेन बाजूला टाकून देईल. ती जागा शोधत फिरली. रस्त्याच्या वळणात सुटलेला हा तुकडा कोणाचा म्हणून विचारलं, तर शहरातल्या दत्तोपंतांचं नाव निघालं. ते कोर्टात नाझर होते, निवृत्त होऊन औरंगपुऱ्यात राहत होते. कापडाच्या दुकानांवर दुसऱ्या मजल्यावर घर. अप्पारावाला जिना चढवणार नव्हता, म्हणून ती एकटीच गेली.

परत आली ती उजळून. काय झालं हे तिनं अप्पारावाला सांगितलं, मग शेजारणींना सांगितलं, आणि पुढं जे जे कोणी जागा विचारायला आले त्यांना इतक्यांदा सांगितलं, की वस्तीतल्या पोरांना ते पाठ झालं. दत्तोपंतांनी तिला खुर्ची दिली. मग ते म्हणाले, “आपण पाणी घेणार का?” ती म्हणाली, व्हय. आतून अंबिकाबाई, त्यांच्या मंडळी, तांब्या-पेला घेऊन आल्या. पेला एकच. पारूबाई तो हातात धरून बसली.

“मला वाटलं त्यांचा बी येतोय. आपण पाणी घेऊ म्हणले ना. म्हणजे ते बी घेणार. त्यांच्या आधी मी कशी तोंडाला लावू? लई वेळ झाला, पेला काय येईना. मग म्हटलं, उपास असंल. प्याले.”

यावर सगळे हसायचे, आणि तीही हसायची. पण हसून झाल्यावर ती पुढचं जे सांगायची त्याच्यासाठीच आधीचं सांगितलेलं असायचं. बामणाच्या घरात बसून तो माणूस म्हणाला, आपण पाणी घेऊ. मग जागेचं भाडं सांगितलं, आणि ती उठताना म्हणाला, “लाईट-पाणी आपलं.”

“आपलं म्हणला,” पारूबाई सांगायची. “म्हंजे त्यात घासाघीस नाय. त्यांच्याकडं लागलं.”

तिच्या या शब्दावर बाकीचे डबे आले. वाळूजला शिफ्टमध्ये जाणारा अतुल आला. नवरा गेल्यावर भाजीची गाडी लावणारी कडूबाई आली. आणखीही चार-पाच घरं आली. मीटर एकच, दत्तोपंतांच्या नावावर, बोअरच्या खोलीत. त्यातून साऱ्या डब्यांत वायरी गेल्या. बिल औरंगपुऱ्यात जायचं आणि तिकडंच भरलं जायचं. दर महिन्याला पारूबाई सगळ्यांचं भाडं गोळा करून पोचवायची, दत्तोपंत मान लववून घ्यायचे, बिलाचं ते कधी बोलले नाहीत आणि तिनंही काढलं नाही.

यंदा दत्तोपंतांचा मुलगा अमेय पुण्याहून परत आला. बापाचे डोळे अधू झाले होते, कागदपत्रं तो बघू लागला. चैत्रात तो मोटरसायकलवर वस्तीत आला, बोअरच्या खोलीपाशी उभा राहून वायरींचं जाळं त्यानं वर मान करून पाहिलं, प्रत्येक डब्याच्या खिडकीतला कूलर पाहिला. माणूस वाईट नव्हता. उन्हात उभा राहूनच तो म्हणाला, “पुढच्या महिन्यापासून प्रत्येक डब्याला वेगळं मीटर. ज्याचं त्यानं भरायचं. नाही भरलं तर वायर काढावी लागेल. मागचं काय ते मागाहून बघू.”

“लाईट-पाणी मालकाचं ठरलंय,” अतुल म्हणाला.

“कोणी ठरवलं?”

सगळ्यांनी पारूबाईकडं बघितलं.

त्या रात्री भाकरी भाजताना तिनं मनात हिशोब लावून बघितला. वस्तीत एकट्या राहणाऱ्या पोरांना ती भाकऱ्या करून द्यायची, त्यातून अप्पारावाची औषधं निघायची. दिवसरात्र चालणाऱ्या कूलरचं बिल त्यात बसत नव्हतं. कसंही मांडलं तरी बसत नव्हतं. औषध राहिलं तर कूलर जायचा आणि कूलर राहिला तर औषध. अप्पारावाला हे कोणी सांगितलं नव्हतं, पण पत्र्याच्या घरात सांगावं लागत नाही. सकाळी ती उठली तर कूलर बंद होता.

“कुणी बंद केला?”

“गार पडलं होतं,” तो म्हणाला. घामानं त्याची बनियन अंगाला चिकटली होती. दोन शब्दांच्या मधे त्याला थांबावं लागत होतं.

तिनं बटण दाबलं आणि पाण्याची कळशी कूलरमध्ये ओतली, जरा जोरातच.

रविवारी औरंगपुऱ्यात बोलणं ठरलं. अमेयनंच निरोप दिला होता, “बाबांसमोर बोलू. बाबा जे म्हणाले असतील ते मी मोडणार नाही.” पारूबाई, अतुल आणि कडूबाई रिक्षानं निघाली. कडूबाईनं वाटेत तिला पढवलं.

“सरळ सांगायचं, मालक म्हणले लाईट आमची.”

“आमची नाय म्हणले. आपली म्हणले.”

“एकच झालं की, बया.”

“एकच हाय, तर ते जे म्हणले तेच सांगीन.”

“कर बाई तुझं. तुझ्या या खरेपणापायी आमच्या डब्यात अंधार पडायचा.”

अतुल पुढं ड्रायव्हरजवळ अंग चोरून बसला होता. तो मागं वळून म्हणाला, “काय भ्यायचं नाय, मावशी. आपल्या पॉइंटात दम हाय.”

दत्तोपंत खिडकीशी वेताच्या खुर्चीत बसले होते. हे तिघं आत आले तसे ते उठायला लागले, अमेयनं त्यांच्या खांद्यावर हात ठेवून बसवलं. “या, या. बसा,” ते म्हणाले. नजर चेहऱ्यांवरून चाचपडत फिरली आणि पारूबाईपाशी थांबली. “अप्पाराव कसे आहेत?”

“हायेत,” ती म्हणाली. “कूलर हाय म्हणून हायेत.”

मागायचं म्हणून ती बोलली नव्हती. विचारलं, म्हणून जे होतं ते सांगितलं. दत्तोपंतांनी मान हलवली आणि चष्मा काढून धोतराच्या सोग्यानं पुसू लागले.

अमेयनं बोलायला सुरुवात केली. त्यानं सगळं नीट मांडलं. जागा दिली ती जागा. विजेचं बिल वाढत वाढत भाड्याच्या वर गेलं. बाबांना मागायची भीड पडली, म्हणून इतकी वर्षं पेन्शनमधून भरत राहिले. “मावशी, तुम्हीच सांगा, बाबा नेमकं काय म्हणाले होते?”

“लाईट-पाणी आपलं.”

“बरोबर. आपलं. म्हणजे तुमचं.”

पारूबाईला आधी वाटलं, तिला नीट ऐकू आलं नाही. “आपलं म्हंजे तुमचं कसं?”

“अहो, आपण म्हणजे तुम्ही. आदरानं म्हणतात ना? आपण या, आपलं नाव काय, आपलं घर कुठं. तसं. लाईट-पाणी आपलं, म्हणजे ते तुम्ही बघायचं.”

अतुल हसला. “सायेब, हे पुस्तकातलं झालं. आमच्याकडं हाटेलवाला म्हणतो, आज चा आपला. मग पैसे कोण देतं? जो म्हणतो तो देतो.”

“बाबा हॉटेलवाले नाहीत. बाबा असंच बोलतात. भंगारवाल्याला विचारतात, आपण किलोला काय देता. आई त्यांना हसते.”

“भंगारवाल्याला म्हणत असतील,” अतुल म्हणाला. त्याला आता रंग चढला होता. “तो घेणार-देणार माणूस. पण आमच्या पारूमावशीला कोण आपण म्हणतंय? मी दहा वर्षं कंपनीत हाय, मला सुपरवायझरनं अजून तुम्ही म्हटलेलं नाय. आणि हिला आपण? हिच्या उभ्या जन्मात हिला कोणी आपण म्हटलं असंल, तर मी सगळ्या डब्यांचं बिल भरतो.”

“हिचा नवरा बी हिला अगं ए म्हणतंय,” कडूबाई म्हणाली, आणि पदर तोंडाला लावून हसली.

अमेयलाही हसू आलं. पारूबाईही हसली, सवयीनं. अतुलनं तिच्या बाजूनंच दात काढले होते आणि त्याच्या बोलण्यात खोटं काहीच नव्हतं.

पण हसता हसता ती थांबली. आपण म्हणजे तुम्ही. पेला हातात धरून बसलेली ती तिला दिसली. आपण पाणी घेणार का. दुसरा पेला यायचाच नव्हता. तो माणूस तिच्याबरोबर पाणी प्यायला बसला नव्हता, त्याला उपासही नव्हता. तो तिला विचारत होता. विटा वाहून फुटलेल्या हातांच्या, पायरीवर बसावं की खुर्चीवर हे न कळणाऱ्या बाईला तो म्हणत होता, आपण. आणि ती इतकी वर्षं ते लोकांना हसायला सांगत आली होती.

तिनं दत्तोपंतांकडं बघितलं. तिला हे कळलं तसं बिलाचंही कळलं. आपण खरं असेल तर आपलंही खरं. मग अमेय बरोबर होता, आणि वस्ती तिच्या कानाच्या चुकीवर येऊन बसली होती. अप्पाराव आत्ता खाटेवर पडला असेल. ती घरात नाही बघून त्यानं कूलर पुन्हा बंद केला असेल का, हे तिला सांगता येईना.

“बाबा, तुम्हीच सांगा आता,” अमेय म्हणाला. “या मावशींना तुम्ही आपण म्हणाला होता ना? नेहमीसारखं?”

दत्तोपंत चष्मा पुसतच होते. काच केव्हाच स्वच्छ झाली असणार. त्यांनी तो डोळ्यांवर चढवला, पारूबाईकडं पाहिलं आणि मग तिच्यावरून नजर काढून घेतली.

“सगळ्यांना म्हणतो, ते खरं आहे,” ते म्हणाले. “हिला नव्हतो म्हणालो.”

आत स्वयंपाकघरात कपबशांचा आवाज होत होता, तो थांबला.

“हिला?” अमेय म्हणाला.

“हो. हिला कशाला आपण म्हणेन मी? आपलं म्हणजे आपलं. आमचं. लाईट-पाणी आमच्याकडं, असंच ठरलं होतं.”

“बाबा, नक्की आठवतंय?”

“मी काही विसरलेलो नाही.”

अमेयनं बापाकडं निरखून पाहिलं. त्याला काय वाटलं ते त्याच्या तोंडावर उमटलं होतं, पण शब्द त्यानं दिला होता. “ठीक आहे,” तो शेवटी म्हणाला. “ठरलं असेल तर ठरलं. लाईट आमच्याकडं. भाड्याचं दिवाळीनंतर बोलू. आणि त्या वायरी तेवढ्या नीट करून घ्या, माणूस मरेल एखादा.”

“आता करतो, सायेब. आजच करतो,” अतुलनं मांडीवर थाप मारली. “म्हणलो नव्हतो मी? हिला कोण आपण म्हणतंय?”

“हिला,” कडूबाईनं दुजोरा दिला, खुशीत.

तो शब्द पारूबाईला भाकरीतल्या खड्यासारखा लागला. दातांखाली कच्चकन आला, आणि सगळ्यांच्या देखत थुंकता येईना. नाय, असं तिच्या ओठांपर्यंत आलं. नाय, म्हणले होते. मला आपण म्हणले होते, खुर्ची दिली होती, पाण्याचं विचारलं होतं. एवढं बोललं असतं, तर ते तिचं राहिलं असतं. सगळ्यांसमोर राहिलं असतं. तिनं दत्तोपंतांकडं पाहिलं, ते खिडकीबाहेर बघत होते. त्यांचा हात वेताच्या खुर्चीची कड घट्ट धरून होता. परक्या माणसाला एकेरी बोलणं हे त्यांना किती जड गेलं ते तिथं दिसत होतं. अतुलला दिसलं नाही. कडूबाईला दिसलं नाही.

तिनं ओठांवरचं गिळून टाकलं.

“चला मावशी, जिंकली केस,” अतुल उठला. कडूबाई उठली. अंबिकाबाई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या, हात ओले, नवऱ्याकडं बघत. अमेय मोबाइलमध्ये डोकं घालून बसला होता, पण कान इकडं होते.

पारूबाई उठली तसे दत्तोपंतही उठले. दोन्ही हात खुर्चीवर रेटून, सावकाश, गुडघे सरळ होईतो वेळ लावून ते पुरते उभे राहिले. कोणी मानाचं माणूस निघताना उभं राहावं तसे. जीभ त्यांनी आवरून धरली होती, गुडघ्यांना ते सांगायचं राहून गेलं होतं.

“ये मग, पारू,” ते म्हणाले.

शब्द त्यांच्या तोंडात बसत नव्हता. अंबिकाबाईंनी मान खाली घातली.

एरवी पारूबाई उंबऱ्यात वळून म्हणायची, येते मालक. आज तिनं पदर डोक्यावर सारखा केला, उभ्या असलेल्या त्या म्हाताऱ्याकडं एकदा डोळे भरून पाहिलं, चपलेत पाय सरकवले आणि बाहेर पडली.